बोटभर शिल्लक

मोलोयच्या धक्क्यावर मार्च सरत आलेला,
आणि बोटीचं पोट उघडं पडलेलं.
जुनं इंजिन क्रेननं उचलून नेलं,
तळाशी उरलं काळं तेल, गंजका पाना
आणि आमचं पौषापासूनचं भांडण.
(पौष इथं कुणाला ठाऊक नाही;
इथं त्याला नुसतं अंधार म्हणतात.)

आइलिफला दोन इंजिनं हवीत.
अडीचशे अश्वशक्तीचं एक, अडीचशेचं दुसरं.
बेर्गेनहून आणलेलं चकचकीत पत्रक
स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून
चार कोपऱ्यांवर चार कप ठेवतो.
तीस वर्षं मालवाहू जहाजावर दुसऱ्याचा हुकूम ऐकला,
आता याला कुणाला तरी मागं टाकायचंय.
कुणाला, ते पत्रकात नाही.

मी म्हटलं, चौदा टनांची बाई ही,
बारा मीटर लांब, गोल पोटाची,
कॉडच्या मागे सावकाश हिंडायला बांधलेली.
या वयात तिला पळवणार?
चाळीस घोडे पुष्कळ झाले.
उरलेल्या पैशात स्वयंपाकघराची खिडकी.

ओडमुंड मेकॅनिक आला तो पाव चघळतच.
दोघांचं ऐकलं. टब मागितला.
पाण्यातून लाकडी डाव ओढत म्हणाला, बघा,
पुढं एक लाट, मागं एक.
बोट आपली लाट आपणच उभी करते.
लाट बोटीएवढी लांब झाली
की बोट तिच्या उतारावर पाठ टेकून बसते.
मग जुंपा हवे तितके घोडे,
ती आपलीच चढण चढत राहणार.
आठ नॉट. त्यापुढं फक्त डिझेल जळतं
आणि धक्क्यावरच्या लोकांची कॉफी सांडते.

मी आइलिफकडे बघितलं. जिंकल्यासारखं.

आणि तुझे चाळीस, गुन्वोर,
सपाट पाण्यात पुरतील, स्टाडला नाही.
वारा समोरून आला की
केबिनचं छप्परसुद्धा शीड होतं,
उलटं ओढणारं.

मग पाचशेच घेतो, आइलिफ म्हणाला.

घे. दिवसभर तबेल्यात पेंगतील.
डिझेलला काम लागतं.
नुसतं कुरवाळून चालवलंस
तर सिलिंडरच्या भिंती काचेसारख्या होतात,
मग ते तेल पितं, काळं थुंकतं.
न राबलेला घोडा दावणीलाच मरतो.

मग घोडं अडलंय कुठं?
ओडमुंडनं हे मला नाही, त्याला विचारलं.

आइलिफनं एक कप उचलला.
पत्रकाचा कोपरा आपसूक गुंडाळला गेला.
स्टाडपाशी, म्हणाला, सत्त्याण्णव साली
इंजिन बंद पडलं होतं. एकच होतं.
वीस मिनिटं. खडकावरचे पक्षी मोजता येत होते.
मोजले मी.

एकतीस वर्षांच्या संसारात
हे पक्षी माझ्या घरी कधीच आले नव्हते.
त्याला कुणाला मागं टाकायचं नव्हतं.
दुसरं इंजिन म्हणजे त्याला
दुसऱ्यांदा विचारता येणारा प्रश्न हवा होता.

ओडमुंड हसला नाही.
कागदाच्या पिशवीवर पेन्सिलीनं लिहिलं:
मोठं एक, एकशे दहाचं.
शेजारी छोटं, वीसचं, जुनं चालेल,
त्याचा दांडा वेगळा, पंखा वेगळा,
टाकी वेगळी, फक्त घरी परतण्यापुरती.
पैसे? पाचशे घोड्यांच्या निम्मे.
खिडकी मात्र गेली.

जुलैत स्टाड ओलांडलं.
वारा थेट तोंडावर, लाटा दोन्हीकडून,
सात नॉटचे साडेचार झाले, तरी बोट चालत राहिली.
आइलिफचा हात थ्रॉटलवर होता.
पुढं बोटभर जागा शिल्लक होती
आणि ती त्यानं वापरली नाही.
मी बघत होते. तो खडकांकडे
बघत नव्हता.

छोट्या इंजिनाची गरज अजून पडलेली नाही.
दर रविवारी तो खाली उतरतो,
दहा मिनिटं ते चालवतो, कान लावून बसतो.
टुक, टुक, टुक.
वर मी कॉफी ओतते,
जुन्या खिडकीतून वारा येतच असतो.