नंबर सांगा

मेच्या मध्यावर सूर्य वर येतो
आणि जुलै सरत आला तरी घरी जायचं नाव घेत नाही.
वार्दोत आम्ही खिडक्यांना काळं मेणकापड ठोकतो,
तरी कडेनं एक पिवळी रेघ आत शिरतेच
आणि तेवढ्या रेघेवर आई उठते.

घड्याळात दोन दहा.
पंचवीस वर्षं तिनं टेलिफोन एक्स्चेंजात रात्रपाळी केली.
बोटी, दवाखाना, सुईण,
बंदरावरून बायकोची माफी मागणारे झिंगलेले खलाशी,
सगळा गाव तिच्या बोटांतून बोलला.
मग यंत्र आलं, तिचा बोर्ड भंगारात गेला.
आता तो परत आलाय
माझ्या पलंगाशेजारच्या भिंतीवर.
ती अंगातल्या स्वेटरचा धागा ओढते,
भिंतीत नसलेल्या भोकात खुपसते,
मान तिरकी करून म्हणते,
"नंबर सांगा."

पहिल्या वर्षी मी भांडायचो.
आई, एक्स्चेंज कधीच बंद झालं, झोप आता.
ती म्हणायची, तुमची तक्रार सुपरवायझरकडे जाईल.
दुसऱ्या वर्षी दाराला मेंढीची घंटा बांधली.
तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही,
कारण वाजत नाही तेव्हाच ती जास्त ऐकू येते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या झोपतात तेव्हा तुम्हीही झोपा.
त्या झोपतात सकाळी सहाला.
साडेसहाला नगरपालिकेची तुरिद येते, ओल्या बुटांनी,
पावणेसातला माझी वाद्सोची बस.
ऑस्लोहून भाऊ फोन करतो, "झोप घेतोस ना?"
जशी ती दुकानात मिळते
आणि मीच विसरतो आणायला.
नर्सिंग होमच्या यादीत आमचा नंबर चौथा.
मार्चमध्ये तिसरा होता.

बेटावरून बाहेर पडायला समुद्राखालून बोगदा आहे,
जेमतेम तीन किलोमीटर.
उन्हाळ्यात माझ्या वाट्याची रात्र एवढीच.
परवा तिथे, उतार संपून चढ लागतो त्या खोल जागी,
दिव्यांची ओळ लोण्यासारखी मऊ झाली.
"हालगैर!"
पुढच्या सीटवरची कुणाची तरी पोरगी किंचाळली.
चाक कठड्याला घासत होतं.
चौदा प्रवासी.
मी म्हणालो, "रस्ता ओला आहे जरा."
बोगद्यात.
कुणी काही बोललं नाही, मीही कुणाला बोललो नाही,
आज लिहितोय तेवढंच.

त्या रात्री तिनं विचारलं, "नंबर सांगा."
मी उठलो नाही.
उशीत तोंड खुपसून म्हणालो,
"तीनशे बारा. ओलाउग ब्योर्न्विक."
धागा इकडून तिकडे गेला. बराच वेळ.
छपरावर समुद्रपक्षी भांडत होते, भर दुपार असल्यासारखे.
"उचलत नाही कुणी," ती कामाच्या आवाजात म्हणाली.
"त्या बाई रात्रपाळीला असतात.
कोण बोलतंय?"
"त्यांचा मुलगा."
"वय?"
छप्पन्न, ओठांवर आलं होतं.
"सात," मी म्हणालो.

भिंत गप्प.
मग तिचा आवाज बदलला,
इतका, की मी उशीतून मान काढली.
"सात वर्षांच्या मुलानं एवढ्या रात्री जागायचं नसतं.
मी लाइन चालू ठेवते.
काही लागलं तर बोल, मी ऐकतेय.
डोळे मीट."

मिटले.
चाळीस मिनिटं, फार तर पन्नास.
जाग आली तेव्हा ती खुर्चीत ताठ बसलेली, टक्क जागी,
स्वेटरची उजवी बाही कोपरापर्यंत उसवलेली,
आणि धाग्याचं दुसरं टोक
माझ्या मनगटाला सात-आठ वेढे घालून
अशा गाठीनं बांधलेलं
की सोडवायला कात्री शोधावी लागली.
कात्र्या मी दीड वर्षापूर्वीच लपवल्यात,
कुठे, ते मला आठवेना.

सहा वीस झाले होते.
दातांनी तोडला.