वसमत रोड, केबिन नंबर तीन

गाडी तीन तास लेट म्हणून परभणी स्टेशनातून बाहेर पडलो
आणि पाय आपोआप वसमत रोडला लागले.
पंचवीस वर्षं झाली, हे पायांना कुणी कळवलंच नसावं.

होस्टेलातून आम्ही सायकलवर डबलसीट निघायचो,
मागच्यानं तोंडात बॅटरी धरायची, खड्डा दिसला की हुंकार द्यायचा.
मनीऑर्डर पाच तारखेला यायची
आणि बारा तारखेपर्यंत आम्ही शेठ लोक असायचो.

हॉटेल मधुबन. मध नव्हता, बनही नव्हतं.
प्लायवूडच्या चार केबिनी, शेंदरी पडदे,
हात पुसून पुसून कडक झालेले.
कूलर असा, की मे महिन्यात
थंड हवा नाही, हवेची नुसती बातमी द्यायचा.

केबिन नंबर तीन आमची.
लिंबाजी सोळंके बुचानं मापून ओतायचा,
मृदाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात कधी इतका अचूक नव्हता.
खय्यूमची मराठी आमच्यापेक्षा शुद्ध,
अर्ध्या बियरनंतर मात्र तो फक्त उर्दूत रडायचा.
सिद्धोधन वाव्हळे टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून
गावातल्या आपल्या संस्थेचा नकाशा काढायचा:
इथं विहीर, इथं रोपवाटिका, ह्या कोपऱ्यात वाचनालय.
पंख्याखाली वाचनालय सगळ्यात आधी वाळायचं.
तो पुन्हा काढायचा.

मी फुटाणे खायचो.
मला वास सहन व्हायचा नाही, आणि उठवायचंही नाही.
बिलाचा हिशेब माझ्याकडं.
शुद्धीत मीच असायचो, एवढीच माझी लायकी.

मग रात्री दोनला स्टेशनवर चहा.
तिथल्या म्हाताऱ्याला गाड्यांपेक्षा आमची वेळ पाठ होती.

हे सगळं सांगताना मला थांबता आलं असतं इथंच.

तिसऱ्या वर्षी, परीक्षेच्या आधी,
लिंबाजी काहीतरी बोलला. कोट्यावरून.
शब्द न् शब्द आठवतो, इथं लिहीत नाही.
सिद्धोधननं ग्लास संपवला. सावकाश.
पडदा बाजूला केला, घडी पडू नये इतक्या जपून,
आणि सायकल तिथंच ठेवून चालत गेला.
खय्यूम लिंबाजीवर ओरडला, शुद्ध मराठीत.
मी फुटाणे खात होतो.
सालं काढून.

मधुबनच्या जागी आता अभ्यासिका आहे,
चोवीस तास खुली, पिण्याचं पाणी मोफत.
प्लायवूड तेच असावं, वर पांढरा रंग.
पोरं खाली माना घालून बसलेली,
प्रत्येकाच्या कानात बोळे.

दारात खुर्ची टाकून वॉचमन.
त्यानं आधी माझे बूट पाहिले, मग तोंड.
तुळशीराम. वेटर होता तेव्हा. एका हातात सहा ग्लास आणायचा.
"वाव्हळे साहेब ना तुमी?"

नाही म्हणायला एक श्वास लागला असता.
मी "हाव" म्हणालो.

त्याला केवढा आनंद.
"नकाशेवाले! टेबल पुसायला जीव व्हायचा न्हाई माझा.
झाली का हो तुमची शाळा का काय ते?"
"चालू आहे काम," मी म्हणालो.
"आन् ते बारकं पोरगं? फुटाणेवालं?"
"कुठंतरी असेल. बियाण्याच्या कंपनीत होता म्हणे."
"तुमी गेलात त्या रात्री, लई येळ बसून होतं.
बशी रिकामी झाली तरी हात बशीतच.
मंग बोललं का नंतर तुमच्याशी काही?"

आत कुणीतरी पान उलटलं.

"नाही," मी म्हणालो. "काही बोलला नाही."

तुळशीरामनं खिशातून तंबाखूची पुडी काढली,
चुना लावला, अंगठ्यानं बराच वेळ मळत राहिला.
"जाऊ द्या साहेब," तो म्हणाला, "लहान व्हतं."
आणि अर्धी चिमूट मला दिली,
जी मी खात नाही,
जी मी घेतली.

स्टेशनवर परत आलो तेव्हा गाडी चार तास लेट होती.