झग्याचं माप

धर्मप्रांताच्या कचेरीत भिंतीवर नऊ बिशप.
पहिले पाच गोरे, पुढचे आपले,
सगळ्यांची नजर कॅमेऱ्याच्या जरा वर.

गुरुवार पेठेतल्या टबीथाबाई रणपिसे
फोटोंकडे बघत नाहीत. त्यांनी झगे धुतलेत.

'ह्यांच्या बाहीला नेहमी शाई.
ह्यांच्या गळपट्टीला नुसतं अत्तर.
आणि हा पाचव्यांचा. पानशेतच्या वेळचा चिखल,
सासूबाईंनी घासघास घासला,
घेरावरून उतरला नाही.
मग म्हणाल्या, राहू दे.'

दहावा खिळा रिकामा आहे.
दोन उमेदवार, एक खटला,
तारीख पुन्हा पुढच्या महिन्यात.

शनिवारी मात्र त्या खळ घालतात, इस्त्री फिरवतात,
रिकामा झगा खुंटीला लावतात.
कुणाच्या मापाचा?
'येऊ तर दे कुणी. दुमड आत ठेवलीय मी.'