विष लिहिलेला खण

जुन्या बाजारात, बुधवारी, साडेनऊच्या उन्हात
मी त्या कपाटापाशी थांबले ते निव्वळ सावलीसाठी.
सागवानी, उंच, बावीस खणांचं,
कुण्या कंपाउंडरचं असणार.
दर खणावर इनॅमलची चकती:
बोरिक. टिंक्चर. मलम. कापूस.
खालून दुसरा, उजवीकडे: विष.

भंडारे म्हणाला, ताई, घासून देतो, नव्यासारखं करून देतो.
म्हटलं, मग नवंच घेतलं असतं की.
तो हसला
आणि हजार रुपये वाढवले.

सहकारनगर, दुसरा मजला, लिफ्ट नाही.
चार माणसं, दोन दोर, दर पायरीला एक शिवी.
गद्रे दारात उभे, "दवाखाना काढताय की काय?"
रिटायर झालेल्या बाईनं काय काढावं
याची यादी सोसायटीत तयारच असते.
माझ्याकडे तिची प्रत नाही.

पांढऱ्या भिंतीपुढे कपाट दिसायचं
हार घातलेल्या फोटोसारखं.
नीट. पुसलेलं. गेलेलं.
तीन दिवस त्याच्याकडे बघत चहा प्यायले,
चौथ्या दिवशी लतीफभाईंना फोन केला.

रंगांचं पुस्तक उघडलं. त्यांचं बोट
आपसूक बदामी, मोतिया, हस्तिदंती असं फिरत गेलं,
तीस वर्षं पुण्याच्या भिंतींनी वळण लावलेलं बोट.
मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेत
राखाडी कपाटांत राखाडी फायली लावल्या होत्या.
म्हटलं, जांभळा. वांग्याचा नव्हे,
जांभळं खाल्ल्यावर जिभेवर राहतो तो.
ते थोडा वेळ जीभ आठवत बसले.
"खोली लहान दिसेल, बाई."
"लहानच आहे, लतीफभाई.
तिला खोटं का बोलायला लावायचं?"

पहिला हात: मुका मार लागल्यासारखी भिंत.
दुसरा हात: गद्रे पुन्हा येऊन गेले.
तिसरा वाळला गुरुवारी, लाइट गेलेली असताना,
आणि मेणबत्तीच्या उजेडात
सागवान एकदम पुढे आलं,
गर्दीत कुणी आपलं नाव ऐकून
मान वर करावी तसं.

सगळंच जमलं असं नाही.
ग्रामोफोनचा कर्णा दिवा म्हणून टांगला होता,
घराचं हॉटेल झालं.
दोन दिवस सहन केला, मग उतरवून
पुतणीला दिला. तिच्याकडेही तो माळ्यावरच आहे.

बाल्कनीत तांब्याचा बंब आहे, तळाला भोक पडलेला,
म्हणजे कुंडीच ती, फक्त कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.
हिरवी कळा चढलीय, चिंच लावली नाही.
जिथून धूर यायचा तिथून आता लाल कर्दळ येते,
एवढी मोठी पानं की खालचे लोक विचारतात
वर कोण राहतं.
शेजारी लोखंडी खुर्ची, मोडीतली,
तिला रिक्षाच्या टपाचा पिवळा दिला.
दोघांचं अजून पटत नाही.
संध्याकाळी ऊन तिरपं झालं की
दहाएक मिनिटं पटतं. तेवढ्यात मी बसून घेते.

बोरिकमध्ये वीजबिलं. मलममध्ये चष्मे.
कापूसमध्ये कापूसच, त्याला उगाच कशाला छळायचं.
टिंक्चरमध्ये न लागणाऱ्या किल्ल्या,
त्यातली एक बहुधा ऑफिसची.
आणि विषमध्ये साखर.
डॉक्टर तेच तर सांगत होते.

उरलेले पैसे न्यायला लतीफभाई आले महिन्याभराने.
चहा ठेवला. खण ओढला.
त्यांनी चकती वाचली, माझ्याकडे पाहिलं,
चकती पुन्हा वाचली
आणि म्हणाले, दोन चमचे.

निघताना भिंतीला तळवा टेकवला,
रंग ओला आहे का बघतात तसा.
महिना झाला होता.