हद्दवाढ

आज गावं बंद.
केएमटी नाक्यावरूनच माघारी फिरतेय,
त्यामुळं तिसऱ्या वर्षाच्या वर्गात सातच डोकी,
त्यातली दोन परीक्षेची फी भरायला आलेली.
तरी मी नकाशा लावला.
जुना, कापडी. मिसिसिपी जिथं घडीवर येते
तिथं फाटलेला. आमच्या रंगरावमामांनी
तिला चिकटपट्टी लावलीय;
उन्हात नदी चकाकते, नाव वाचता येत नाही.

अठराशे तीन. लुइझियानाची खरेदी.
फळ्यावर लिहिलं : दीड कोटी डॉलर,
म्हणजे एकराला तीन-चार सेंट.
मागून कोणीतरी हसलं,
"तेवढ्यात आमच्यात मोजणीचं चलनबी निघत न्हाई."

मी सांगत गेले.
विकणाऱ्याला लढाईसाठी पैसा हवा होता,
एका बेटावर गुलाम उठले होते
आणि त्यांनी नि तापानं मिळून त्याची फौज संपवली होती.
घेणाऱ्याला हवं होतं एक बंदर,
पदरात पडला आख्खा मुलूख.
जमीन विकत घ्या असं घटनेत कुठं लिहिलेलं नव्हतं;
राष्ट्राध्यक्षांना त्याचा घोर लागला होता म्हणतात.
घोर राहिला बाजूला, सह्या झाल्या.

"आणि हद्द?" सुहासिनी चौगुलेनं विचारलं.
उजळाईवाडीहून चालत आलेली, पायांवर धूळ.

हद्द ठरलेलीच नव्हती.
वकिलांनी विचारलं तर पलीकडचा मंत्री म्हणाला,
सौदा झकास झालाय तुमचा,
आता जमेल तेवढं साधून घ्या.

सिद्राम येडगे तोवर खिडकीबाहेर बघत होता.
मेंढरांचं घर; बाप आठ महिने वाटेवर.
"मॅडम, ज्यानं इकली, त्यो तितं एकदा तरी
चालून आलता काय?"
नाही.
"आन् घेनारा?"
तोही नाही. मागाहून माणसं धाडली, बघून यायला.
"मग तितं हुतं कोण?"

पुस्तकात त्याला एक ओळ आहे :
'पुढे स्थानिक जमातींचा प्रश्न निर्माण झाला.'
वीस वर्षं वाचून दाखवतेय ही ओळ.
आज 'झाला'पाशी अडखळले.
झाला म्हणजे आपोआप,
जसं दूध नासतं.

माझ्या टिपणवहीच्या समासात पेन्सिलीनं लिहिलंय :
१८१२, जून. अमेरिकेनं इंग्रजांशी युद्ध पुकारलं,
इंग्रज त्यांच्या जहाजांवरची माणसं उचलून नेत होते म्हणून.
१८१२, ऑक्टोबर. करवीर दरबारनं
त्याच इंग्रजांना मालवण लिहून दिलं,
तुमच्या बंदरातून चाचे निघतात,
ही इंग्रजांची तक्रार.
परीक्षेला येत नाही, म्हणून शिकवत नव्हते.
आज शिकवलं. कुणी लिहून घेतलं नाही.

बाहेरून भोंग्याची रिक्षा गेली,
एक इंचही देणार नाही, देणार नाही.
"त्यात माझे पप्पा आहेत," सुहासिनी म्हणाली,
"आणि दादा महापालिकेत चिकटायला बघतोय.
काल एकाच ताटावरून भांडले."
मग थोडं थांबून,
"पाणी मात्र टँकरचं, मॅडम. दोघांनाबी."

तास संपला. नकाशा गुंडाळताना
सिद्रामनं दुसरं टोक धरलं
आणि पट्टी सुटून त्याच्या अंगठ्याला चिकटली,
निळ्या शाईचा बोटभर तुकडा घेऊन.
"ही कुटं ठेवू?"
मला सुचलं नाही.
तो तसाच गेला, अंगठा वर धरून,
राजारामपुरीच्या उतारानं पायी.

मी हजेरी पुरी करत बसले.
पत्त्याच्या रकान्यात सगळ्यांचं गाव, तालुका, जिल्हा.
त्याच्यापुढं त्याच्याच अक्षरात :
सध्या कागलच्या रानात.