बोटभर प्ले

साठच्या पुढे गेलं की ती डावीकडे जायची,
न सांगता, पंगतीतून कुणी उठून जावं तशी.
मी उजवीकडे ओढायचो. ऐकायची,
पण उशिरा. स्टेअरिंग तीन बोटं फिरवावं
तेव्हा कुठे चाकांना निरोप पोचायचा.

कुमुद म्हणायची, हात थरथरतात तुमचे.
मी म्हणायचो, गाडी जुनी झालीय.
असं दोन वर्षं चाललं.

गाडी तांबडी, फायबरची, दोन सीटची,
गोव्यात बनलेली, पाचगणीच्या मिस्त्रीशेठकडून
फंडाचे पैसे आले त्याच आठवड्यात घेतलेली.
पाटबंधारे खात्यातला ट्रेसर आणि उघड्या टपाची गाडी!
पोवई नाक्यावर लोक हसले.
हसू देत. तीस वर्षं मी साहेबांचे कालवे
शाईनं सरळ ओढले होते.
एखादं वळण मला माझं हवं होतं.

हारूण शिकलगारचं गॅरेज गोडोलीच्या पुढे.
आजा त्याचा दारोदार सुऱ्यांना धार लावायचा.
यानं गाडी घोडीवर घेतली,
पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं.
टक्.
पुन्हा. टक्.
पडायला आलेला दात जिभेनं हलवावा तसं.
"ऐकलं का, साहेब?"
ऐकलं. मला तर बरंच वाटलं.

टाय रॉडचे दोन्ही एंड गेलेले.
खालच्या आर्मच्या बूशमध्ये रबर नव्हतंच,
बोटाला लागली ती मिश्री.
डाव्या शॉकपचं तेल कधीचंच गळून गेलेलं;
त्यानं बोनेट दाबून सोडलं तर गाडी
वर-खाली, वर-खाली करत राहिली,
प्रत्येक फायलीला हो म्हणायची सवय लागलेल्या
माझ्यासारखी.

पार्ट कुठेच मिळेनात.
एमआयडीसीत कणसेंच्या लेथवर
नायलॉनचे बूश कातून आणले, कवळीसारखे पांढरे.
एंड कुठल्याशा व्हॅनचे. आटे जुळले, झालं.
मी स्टुलावर, नट डब्यात टाकायचं काम माझं.
एक सुटला हातून, घरंगळत गटाराकडे गेला.
मन्सूरनं, त्याच्या पोरानं, न बोलता उचलून आणला.
मग चहा आला.
हारूणनं सगळ्यांचे ग्लास काठोकाठ भरले,
माझा अर्धाच.

म्हणजे याला माहीत होतं.

मी जरा जोरातच म्हटलं, प्ले पार काढून टाक.
सूतभरही नको.
"तसं नसतंय, साहेब. बोटभर ठेवायलाच लागतो.
लई आवळलं की वळणावरनं स्टेअरिंग माघारी येत नाय,
आन् रस्त्यातला एकेक खडा
हाताला सांगत बसतंय."

संध्याकाळी यवतेश्वरचा घाट.
तो शेजारी, मी चालवतोय.
पहिलं वळण: म्हणालो तेव्हाच वळली,
म्हणालो तेवढीच.
दुसऱ्याला मी चक्क हसलो.
तिसऱ्याला खाली अख्खं सातारा आलं,
अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरचा दिवा लागलेला,
आणि खड्ड्यातून गाडी अशी गेली
जसा मुरलेला कारकून साहेबाच्या शिव्यांतून जातो.

मग सरळ पट्टा लागला.
आवाज नाही. टक् नाही.
आणि स्टेअरिंग थरथरत होतं.

बारीक. नोकरीच्या शेवटच्या वर्षी
रेघेच्या टोकाला यायचं, तेवढंच.
मी हात क्षणभर उचलले.
थांबलं. गाडी सरळ निघाली,
ओळंबा लावल्यासारखी.
हात ठेवले.
हारूण दरीकडे बघत होता, मन लावून.

चार हजार सहाशे, मजुरी धरून.
एवढ्यात गाडीची सगळी साक्ष उलटली.

वर कठड्याशी थांबवली. कुमुदला फोन लावला.
झाली, म्हटलं. एकदम सरळ जाते.
"आणि हात?"
वारा होता खूप. तिला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक.
बोटभर आहे, म्हटलं.
हारूण म्हणतो, तेवढा लागतो.

उतरताना त्यानं किल्ली मागितली नाही.
मी दुसरा गिअर टाकला.