निशाणी बांगडी

सिव्हिल लाइन्सच्या रेकॉर्ड रूममध्ये
कूलरचा पंप सकाळीच जळाला.
टेंभुर्णे बाबू म्हणाले, “उद्या या न बाई,
कागदं कुठी पळून जातेत?”
मी म्हटलं, आजच पाहू द्या.
मौजे धामणतळी, बंदोबस्त सन अठराशे चौऱ्याण्णव,
तांबडं फडकं, सुतळीची गाठ,
गाठीत कुणाचा तरी अडकलेला केस.

पैसे दिघोरकरांचे. रामदासपेठेत बंगला,
दिवाणखान्यात काचेआड बंदूक.
घराण्याचा इतिहास हवाय त्यांना, गुळगुळीत कागदावर,
शेवटच्या मालगुजाराच्या शताब्दीला वाटायला.
“तलाव आमच्या पणजोबांनी बांधला,
तेवढं ठळक येऊ द्या.”

तीन आठवडे झाले, मी धामणतळीत राहते आहे
एकदाही एसटीत न बसता.
कुठल्या धुऱ्यावर किती मोह, मला पाठ आहे.
कुणाचा बैल कोंडवाड्यात गेला, कितीला सुटला,
हेही.
गावात आज कोण राहतं, ते मात्र माहीत नाही.

वाजिब-उल-अर्ज उघडते. गावाची रीत, कलमवार:
दर नांगरामागे पेरणीचा एक दिवस मालगुजाराला फुकट.
दसऱ्याला दर घरून लाकडाचा एक भारा.
लग्न निघालं तर रुपया.
साहेबाचा तंबू पडला तर कोंबडी;
कोंबडी कुणाची, ते लिहिलेलं नाही.
प्रत्येक कलमाखाली कारकून लिहितो, ‘रीत कदीम आहे.’
कदीम. म्हणजे विचारू नका.
माझी पाठ भरून येते,
त्याचं अक्षर कुठेच थकत नाही.

शेवटी सह्या. सह्या कसल्या,
निशाणी नांगर, निशाणी नांगर, निशाणी नांगर,
मधेच कोष्ट्याचा धोटा, सुताराची पटाशी,
पुन्हा नांगर.
सगळे नांगर एकाच वळणाचे;
पटवाऱ्यानंच काढले असणार, जेवायची वेळ झाली म्हणून.

आणि खालून तिसऱ्या ओळीत एक गोल.
‘मुसम्मात तुरजी, बेवा झिबल, कौम ढिवर, निशाणी बांगडी.’
हा गोल पटवाऱ्याचा नाही.
वाकडा आहे, पुरता मिटलेलाही नाही,
सुरुवातीला टाक इतका दाबलाय
की मागच्या पानावर उमटलाय.

माझे वडील इथेच नक्कलनवीस होते.
सांगायचे, मजकूर सगळेच वाचतात,
तू समास वाच.
समासात, कसर लागायची राहिली तेवढ्या जागेत:
‘तलावाचे कलमावर बाईचा उजर.
पाळ आमचे माणसांनी घातली. दोन उन्हाळे.
मजुरी मिळाली नाही. मासळी आमची.’
खाली दुसऱ्या शाईत, उजर नामंजूर.
आणि एक लफ्फेदार सही, जी वाचता येत नाही.

दिघोरकरांना फोन केला.
“नामंजूर झाला न? मग कशाला घेता?”
मागे मिक्सर चालू होता. त्यांनी पुन्हा विचारलं,
“पणजोबांचा फोटो सापडला का?”

टेंभुर्णे बाबूंनी पान खिडकीशी नेलं,
चष्मा वर सारून बराच वेळ पाहिलं.
“मोठी टणक होती बुढी,” म्हणाले,
आणि मग लगेच, “नकलेले तीन दिवस लागन.”

नकलेच्या अर्जात एक रकाना असतो, प्रयोजन.
गेले तीन आठवडे मी तिथे
‘घराण्याचा इतिहास’ लिहीत आले.
आज तेच लिहिलं, मग खोडलं,
पेन थोडा वेळ तसाच धरला.
मासळी, असं लिहून दिलं.

“असं प्रयोजन चालत नाही, मॅडम.”
मी काही बोलले नाही. उकडत होतं.
त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं,
शिक्का गादीवर दोनदा आपटला,
आणि मारला.
शाई जरा जास्तच झाली.